आषाढ संपू दे

१२ जुलै २०२१

महेश्वरी वदिनाला, माझ्या वहिनीला, लस द्यायची नाही. ठरलं! म्हणजे अम्मानं ठरवलं.

आशा सेविका यशोदाताई दारात येऊन सांगून गेल्या – गरोदर बायकांना आता परवानगी आलीय, हिचा सहावा संपत आलाय, घेऊन टाका. मी लगेच समजवायला लागले. सुई दंडात असते, त्यानं बाळाला काही होत नाही, उलट आईचं थोडं संरक्षण बाळालाही मिळतं. अम्मा विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, "कालच आषाढ लागला की. ह्या महिन्यात आपण नवी चप्पल आणत नाही, आणि पोटुशीला सुई? श्रावण लागू दे."

अन्नानं नवरा म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. पण दिवसभर मागाचा खडखडाट ऐकून आलेला माणूस – त्याला घरात आवाज नको असतो.

वदिना माझ्याकडे बघत होती.

१४ जुलै

अम्मा म्हणाली, "तू पुण्याला पुढचं शिकायला जा. मी अडवणार नाही. पण हिच्या डोक्यात ते सुईचं भरवू नको."

मी हो म्हणाले. घरातली पहिली पदवीधर! चार आठवड्यांचाच तर प्रश्न आहे.

वदिनाला सांगितलं, "आषाढ संपू दे, मी स्वतः घेऊन जाते तुला. तोवर विषय नको काढू, मी शब्द दिलाय."

"बरं," म्हणाली. आणि पानं कापायला बसली.

१९ जुलै

आज एक भामटा भेटला – फोनवर! दुपारी मेसेज आला, लसीच्या नोंदणीचा ओटीपी. माझा पहिला डोस तर केव्हाच झालाय. तेवढ्यात परका नंबर. "मॅडम, आकडा आला असेल बघा, सांगा की लवकर, तीनच मिनिटं असतात."

असा झाडला त्याला! "शिकलेली आहे मी. पोलिसात देईन." फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक.

जेवताना सगळ्यांना नक्कल करून दाखवली. अन्नासुद्धा हसला. अम्मा म्हणाली, "आता आपल्या घराला कोण फसवतंय!" वदिना कारखान्यात विड्या देऊन उशिरा आली होती, थकलेली दिसत होती. तीही हसली. मग भाकरी करपली तिची.

२ ऑगस्ट

वदिनाला ताप. अम्मा म्हणते, हवा बदललीय.

५ ऑगस्ट

पॉझिटिव्ह. दवाखान्यात ठेवलंय. आत सोडत नाहीत. अन्ना बाहेर कट्ट्यावर बसून आहे.

८ ऑगस्ट

आज आषाढ संपला.

वदिनाला ऑक्सिजन लावलाय. सिस्टरनं व्हिडिओ कॉल लावून दिला. मास्कमुळे तिला बोलता येईना. हातानं काहीतरी खूण करत होती – मला वाटलं पाणी मागतेय. "पाणी द्या हो तिला!" मी ओरडले. तिनं मान हलवली. नाही.

११ ऑगस्ट

सकाळी ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी. सव्वा किलो. काचेच्या पेटीत आहे.

संध्याकाळी वदिना गेली.

तोंड दाखवलं. लांबून.

२९ ऑगस्ट

डॉक्टरांना विचारलं, एक डोस तरी झाला असता तर? म्हणाले, "ठाम नाही सांगता येत. धोका कमी झाला असता, एवढं नक्की."

घरी येऊन अम्माला म्हणाले, "तुझ्या आषाढानं खाल्लं तिला!" पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलले तिच्याशी. तिच्या हातातली विडी अर्धीच राहिली. "हो," म्हणाली. एवढंच.

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पुण्याचा फॉर्म भरला नाही. मुदत गेली.

२२ सप्टेंबर

बाळ घरी येऊन चार दिवस झाले. आता दोन किलोची आहे. आज तिची पहिली लस होती. पितृपक्ष चालू आहे, म्हणून मी मुद्दाम अम्माकडे बघत उभी राहिले – बघू तर, आता काय म्हणते!

अम्मानं वदिनाच्या जुन्या साडीत बाळाला गुंडाळलं, चपला घातल्या. "चल. आता थांबायचं नाही कशाला."

सुई टोचली तशी बाळ रडलं. आणि अम्मा – जी वदिना गेल्यापासून रडली नव्हती – सिस्टरच्या टेबलाला धरून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता का? अजून माफ करवत नाही.

२४ सप्टेंबर

वदिनाच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला विडी कारखान्याच्या रस्त्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार नाव वाचून थांबला. "ह्या आल्या होत्या की माझ्याकडं, आषाढात. विड्यांची पाटी घेऊन. लसीची नोंदणी करून द्या म्हणाल्या. स्वतःचा फोन नाही म्हणून नणंदेचा नंबर दिला. शिकलेली आहे, सांगेल लगेच आकडा, म्हणाल्या. मी लावला फोन. त्या नणंदबाई मलाच पोलिसात देते म्हणाल्या!"

मी विचारलं, मग ती स्वतः का नाही बोलली फोनवर?

"शेजारीच होत्या. द्या इकडं, मी बोलते, म्हणून हात पुढं केला, तोवर ठेवला की तिकडून. परत लावला ताई, दोनदा लावला. लागलाच नाही."