आठशे मीटर खालचा लेख

३ मार्च, सकाळ
अतिथिगृहाविरुद्ध तक्रार नोंदवतो. टॉवेल म्हणून मिळालेलं वस्त्र हा वस्तुतः रुमालाचा थोरला भाऊ आहे. पुढून झाकावं तर पाठ उघडी. अशा अवस्थेत माणूस विज्ञान काय लिहिणार?

तरीही लिहिणार. लेखमाला: जगातली सर्वांत खोल गोड्या पाण्याची सरोवरं. पहिलं सोळाशे मीटरहून खोल, दुसरं चौदाशेहून. दोन्हींवर ऑफिसात बसून लिहिलं. संपादक म्हणाले, आता एकदा स्वतः उतरा, नाहीतर मालिका बंद आणि तुम्ही मुद्रितशोधनात. म्हणून हा तलाव. दोन माणसांचा पोलादी गोळा, आठशे मीटर, तेरा तारखेला.

निश्चय: शेडमध्ये रोज तासभर गोळ्यात बसून सराव.

४ मार्च
झाकण लावून बसलो. चार मिनिटं. ग्रीसचा वास असह्य, एरवी तास सहज झाला असता. गोळा चालवणाऱ्या पायलटबाई म्हणाल्या, वासाची तक्रार आजवर कोणी केली नव्हती. संवेदनशील माणसं इथे येत नसावीत.

५ मार्च
गोळ्याचा तोल सांभाळायला सर्वांना बुटांसकट तोलतात. फॉर्मवर मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं होतं. काटा एक्क्याण्णववर थांबला. फिटरने विचारलं, "साहेब, फॉर्म लग्नाआधी भरला होता का?"
काटा जुनाट आहे. उद्यापासून अर्धं जेवण.

६ मार्च
तीन मिनिटं. परवाच्यापेक्षा कमी, पण एकाग्रता जास्त. पाठशाळेत शिकलेला प्राणायाम केला. तेविसाव्या श्वासाला मी झाकणावर बुक्के मारले, असं फिटर सगळ्यांना सांगत सुटलाय. मी पोलादाची जाडी तपासत होतो.
जेवण पूर्ण.

८ मार्च
हिचा फोन. सराव झकास चाललाय म्हणालो. त्यावर ही: "अहो, तुम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. बाथरूमला आतून कडी लावत नाही. कोणाला सांगताय?"
तेवीस वर्षांच्या संसारानंतर एवढा गैरसमज. लिफ्ट मी गुडघ्यांच्या व्यायामासाठी टाळतो.

१० मार्च
सराव नाही. लेखाची सुरुवात मात्र लिहून टाकली: 'आठशे मीटर खालचा काळोख मी या डोळ्यांनी पाहिला.' दमदार वाक्य. खाली उजेड पोचत नाही हे पुस्तकातही आहेच. नैयायिकांनी प्रत्यक्षासारखंच अनुमानही प्रमाण मानलं आहे. संपादकांनी न्यायशास्त्र वाचलेलं नाही, त्याला माझा इलाज नाही.

१२ मार्च
पायलटबाई आल्या. यायचं नसेल तर आताच सांगा म्हणाल्या, तोलासाठी सीटवर तेवढ्या वजनाचं शिसं ठेवावं लागेल. मी मोठ्याने हसलो. त्या हसल्या नाहीत.

१३ मार्च, सकाळी ६.२०
आत बसलो. झाकण खाली आलं. बोल्ट आवळायला लागले.

१३ मार्च, ११.००
धक्क्यावर बसलोय. मी ओरडलो, त्यांनी बाहेर काढलं. फिटरने सीटवर शिशाच्या विटा रचल्या. माझ्या जागी एक्क्याण्णव किलो शिसं गेलं. मघाशी गोळ्यातून फोनवर पायलटबाईंचा आवाज आला: सातशे मीटर, तोल उत्तम.

संपादकांना पोट बिघडल्याचं लिहिलं होतं. खोडलं. वर दहा तारखेचं वाक्यही खोडलं.

पाण्याची भीती मला नाही. बोल्ट बाहेरूनच सुटतात. ते सोडवायला घाईने कोणी धावेल, इतकं माझ्यावाचून हल्ली कोणाचंच अडत नाही. झाकण लागलं की मला एवढंच सुचतं.