माझ्या बाकावरून आलेला ‘नाई’

बाबा, परवा आमच्या सभागृहाचा अध्यक्ष निवडला. तुम्ही गेलात तेव्हा मी वडसाला कॉलेजात होते. आता आमदार आहे, पहिल्याच खेपेची.

नवा अध्यक्ष ठरेपर्यंत एक ज्येष्ठ सदस्य हंगामी म्हणून त्या उंच खुर्चीवर बसतात. आमच्या पक्षाच्या उमेदवाराला मी आदल्या दिवशी भेटले होते. आपल्या जंगलात खाण यायची आहे, त्यावर मी उभी राहिले तर बोलू द्याल ना, असं विचारलं. ते हसले. "आधी बसायला शिका, ताई." मत त्यांनाच द्यायचं, असा पक्षाचा आदेश होता. मीही देणारच होते.

त्यांच्या निवडीचा ठराव वाचला गेला. "अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं." सभागृह दणाणलं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. "प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं." समोरच्या बाकांवरून गलका उठला, शमला, आणि मग माझ्या बाकावरून एकटाच, सावकाश आवाज आला. "नाई." पुरुषाचा, आपल्याकडचा. माझे ओठ मिटलेले होते. मागे नुसती भिंत होती. शेजारच्या बाई सरकून बसल्या. "ताई, तुम्ही बोललात?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

विरोधकांनी शिरगणती मागितली. एकेक रांग उभी राहत होती, आणि मला आपल्या गावची मोहाच्या झाडाखालची सभा दिसत होती. गावाचा प्रमुख निवडायचा आहे, एकच जण पुढे आला आहे. ज्याला तो मान्य असेल त्यानं त्याच्या मागे जाऊन बसायचं. तुम्ही त्याला विचारता, "तुह्या विरोधात बोलन त्याले बोलू देशीन का?" तो हसतो. सगळं गाव त्याच्या मागे जातं आणि तुम्ही समोर एकटे, मोकळ्या जमिनीवर. दुपारी भात वाढताना आई चिडली होती, "काऊन एकटेच बसले जी?" तुम्ही म्हणालात, "गावाले तोच पाह्यजे होता, झाला. पन एक जन नाई म्हनला, हे त्याले मालूम असाले पाह्यजे."

आमची रांग उभी राहिली तेव्हा मी बसून राहिले. विरोधातल्यांची पाळी आली तेव्हा उठले, नाव सांगितलं. आमचे उमेदवार निवडून आलेच. दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं. मला अपात्र ठरवावं असा अर्ज पक्षानं केला आहे, आणि त्यावर निकाल द्यायचा तो अध्यक्षांनीच. आता माझं काय करायचं ते तेच ठरवतील. भीती वाटते, बाबा. पण आता खाणीवर बोलायला उठले की ते माझ्याकडे आधी बघतील, एवढं नक्की.

तो ‘नाई’ माझाच होता, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तुमचा होता, असं स्वतःला सांगते. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते : तुमचा आवाज कसा होता, ते मला कितीतरी वर्षांपासून आठवत नाही.