नुसती माणसं ऐकू येणारे स्पीकर

कलबुर्गी,
दिवाळीच्या अलीकडचा रविवार

तीर्थरूप गुरुराज भावजींच्या चरणी विजयेंद्राचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडं आहोत. पुढं 'सुखरूप' लिहिणार होतो, पण तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, पुरावा मागाल, म्हणून नुसतं 'आहोत' ठेवलं. तुमच्या उजव्या मनगटाची सूज उतरली का? अक्का फोनवर सांगत होती, की दिवेलागणीला तुम्ही वरच्या खोलीत जाता, दार लावून संध्या आणि जप करता आणि मग नव्या कॉम्प्युटरवर गीतेवरची टीका लिहीत बसता. लिहून लिहून मनगट धरलंय आणि ती रोज निलगिरीचं तेल चोळते. गीतेत मनगट सुजण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही, पण शेवटी युद्धाचा प्रसंग आहे, दुखणारच. (अक्का, तू हे पत्र त्यांच्या आधी उघडून वाचतेयस हे मला ठाऊक आहे. तुलाही नमस्कार. तेल चोळत राहा.)

पत्रात एक सोय असते, तुमचं 'हां, पुढं?' ऐकावं लागत नाही. तुमच्यासमोर बसून काही सांगायचं म्हणजे प्रत्येक वाक्याला तुम्ही घसा खाकरून तेवढंच म्हणता, आणि माणूस ठरवलेलं नसतं तेही सांगून मोकळा होतो. शाळेतली पोरं तुमच्या छडीपेक्षा त्यालाच जास्त भ्यायची. माझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणारे आचार्य श्वास घ्यायला थांबले, तेव्हाही तुम्ही मागून म्हणालात. श्रीलक्ष्मी अजून त्यावरून हसते. हल्ली तिचं हसणं तेवढंच.

आता मूळ विषय. संकर्षणाचं तुम्हाला ठाऊकच आहे. बेंगळूरचं इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून उन्हाळ्यात घरी आला. कामून आलास, ते विचारायचं राहिलं आणि सांगायचंही राहिलं. खोलीत कॉम्प्युटरपुढं बसतो, कानांवर हेडफोनच्या दोन वाट्या. आपण काही बोललो की एक वाटी उचलतो, 'हूं' म्हणतो आणि लोणच्याच्या बरणीवर झाकण ठेवावं तशी परत ठेवतो. श्रीलक्ष्मी म्हणते, तुम्ही एवढं लिहिता, पोराला बोलतं करा की. तिला कसं सांगू, की आयुष्यभर वर्तमानपत्रातून लोकांना टोचून लिहिलेल्या माणसाच्या तोंडात साधं वाक्य राहत नाही. परवा नुसतं 'जेवलास का' विचारलं, तर तो ताट उचलून आत गेला. मी फिर्याद दाखल केली असं त्याला वाटलं असावं. घरात तीन माणसं आणि आवाज फक्त फ्रिजचा. तोही दर उन्हाळ्यात बंद पडतो.

अशात एका दुपारी श्रीलक्ष्मी त्याच्या गादीवर टेकली ती हेडफोनवरच टेकली, आणि उजवी वाटी मुकी झाली. पोराचं तोंड उतरलं. मला मात्र, देवाची शपथ, नवस फळल्यासारखं वाटलं. म्हटलं, हेडफोन राहू दे, आपण कॉम्प्युटरला चांगले स्पीकर घेऊ. तुला खेळाला होतील, मला गाणी ऐकायला. (माझ्या मनात वेगळंच होतं. पोराचे कान उघडे राहिले तर कधी आपला शब्द आत जाईल, कधी त्याचा बाहेर येईल, एवढीच आशा.) श्रीलक्ष्मीनं चार हजारांच्या वर जायचं न्हाई म्हणून बजावलं आणि मी शोधाला लागलो.

भावजी, या जगात स्पीकरइतका सल्ल्यांचा सुकाळ दुसऱ्या कशाला नसेल. इंटरनेटवर एक जण म्हणतो लाकडी पेटीचेच घ्या, दुसरा म्हणतो लाकडी म्हणजे नुसता भुसा असतो, तिसऱ्यानं तेच स्पीकर घेऊन आपलं आयुष्य कसं बदललं ते लिहिलंय आणि खाली कबूल केलंय की खोकं अजून उघडलेलं नाही. खोक्यांवर वॅट तर असे छापलेले, की ते खरे असते तर आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर शरमेनं खांबावरून उतरला असता. मी संकर्षणाच्या दारात उभा राहून विचारायचो, वॅट किती बघायचे रे? वायर कुठली लागते? तो म्हणायचा, 'कुठलीबी चालते, अप्पा.' मला तेवढंही पुष्कळ वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी नवा प्रश्न शोधून जायचो.

सुपर मार्केटच्या मागच्या गल्लीत मल्लिकार्जुन नावाच्या माणसाचं दुकान आहे. त्याची पद्धत अशी, की गिऱ्हाईक आत आलं की विचारायचं काही नाही, थेट बास, म्हणजे छातीत घुमणारा ढमढमाट, लावायचा. ज्या गाण्यानं वरातीतली घोडी बिथरते ते गाणं त्यानं लावलं. काचेचं कपाट थरथरलं, माझ्या खिशातला चष्मा थरथरला, शेजारच्या दुकानात चहा पिणारा एक गृहस्थ कप घेऊन आत आला आणि म्हणाला, 'लेलो साब, आँख बंद करके लेलो.' मोबाईलचं कव्हर घ्यायला आलेल्या बाईंनीही मान डोलावली. मी म्हटलं, जरा एखादं संथ गाणं लावून बघू, शब्द ऐकू येतात का. मल्लिकार्जुन दुखावला. 'सर, शब्द तर मोबाईलवर बी ऐकू येतात. बास बघा, बास.' चारचौघांत बास नाकारायची हिंमत झाली नाही. रंगीत दिवे लागणारी एक भोकाची पेटी आणि तिची दोन पिल्लं घेऊन मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरी आलो.

आणि दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. तुम्ही जाणताच, त्या दिवशी आमच्या घरात ज्याला वायर किंवा चाक आहे त्याची सुटका नसते. मिक्सर झाला, स्कूटर झाली, श्रीलक्ष्मीनं कॉम्प्युटरला गंध लावलं, नव्या पेटीला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि मला म्हणाली, नारळ फोडा. मी फोडला. टेबलाच्या कडेवरच फोडला, कारण आमच्याकडं दरसाल तिथंच फोडतात. पाणी उडालं ते थेट पेटीच्या भोकात. पेटीनं एक ढेकर दिला, दिवे एकदा सगळे मिळून लागले, आणि मग काही नाही. मल्लिकार्जुननं पेटी कानाशी हलवून पाहिली, आत डुचमळलं. म्हणाला, 'सर, वॉरंटीत नारळ बसत न्हाई.' संकर्षणाच्या ओठाचा एक कोपरा त्या दिवशी किंचित हलला होता. मी तेवढ्यावर चार दिवस काढले.

मग मल्लिकार्जुननं दया येऊन बिनवायरचे स्पीकर घरी बघायला दिले. त्यात गाणी बरी वाजत, पण खेळात आवाज मागाहून पोचे. संकर्षणाचा शिपाई आधी मरायचा आणि मग गोळी सुटल्याचं कळायचं. पोरगा म्हणाला, 'यात मेल्यावर आवाज येतोय.' मला त्यात काही दोष दिसेना, बहुतेकांचं असंच होतं. पण खेळाला ते चालत नाही म्हणे. ते परत केले.

शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेले दोन लहान, वायरीचे, काळे स्पीकर मी उचलले. मल्लिकार्जुन म्हणाला, 'ते कोण घेत न्हाई सर. त्यात बास न्हाई. नुसती माणसं ऐकू येतात.' भावजी, मी ते तिथल्या तिथं घेतले. स्पीकर कानाच्या उंचीला पाहिजेत, असं सगळ्या सल्लागारांचं एकमत दिसलं (त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट), म्हणून दोन्हींखाली माझ्या विनोदी लेखसंग्रहाच्या शिल्लक प्रती रचल्या. दोन्ही बाजूंना सारख्या पुरल्या, अजून उरल्या. त्या पुस्तकानं कुणाचा तरी आवाज वर उचलला, असं पहिल्यांदाच घडलं.

पण आमचं नशीब तुम्हाला माहीत आहे. आठवडाही गेला नसेल आणि स्पीकरमधून घरघर यायला लागली. ऐकवेना. मी ते काढले आणि उगाच अडगळीत टाकण्यापेक्षा तुमच्याकडं पाठवतो आहे; खोकं बसच्या कंडक्टरकडं देतो, तुमच्या कल्याणच्या स्टँडवर उतरवून घ्यावं. वरच्या खोलीत स्तोत्रं ऐकायला उपयोगी पडतील. स्तोत्रात थोडी घरघर चालते.

बाकी ठीक. सौ. अक्काला नमस्कार आहेच, पुन्हा सांगतो. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते माझ्या स्वभावात घालावं. तिथं अजून जागा आहे.

तुमचा,
विजयेंद्र

ता. क. हा कागद वेगळा आहे आणि डाव्या स्पीकरच्या थर्माकोलखाली ठेवला आहे. पाकीट अक्का फोडते, पण वायरीला ती हात लावत नाही. दार लावून वाचा. तशी तुम्हाला सवय आहेच.

स्पीकरमध्ये घरघर नाही. अगदी स्वच्छ आहेत. मल्लिकार्जुन म्हणाला तसंच, त्यात नुसती माणसं ऐकू येतात. गुरुवारी मी शिकवतो त्या कॉलेजातली मीटिंग वीज गेल्यामुळं मोडली आणि मी लवकर घरी आलो. श्रीलक्ष्मी देवळात गेली होती. संकर्षणाच्या खोलीचं दार अर्धं उघडं, आत गोळ्यांचा सडा पडलेला, आणि पोरगा बोलत होता. 'हूं' नव्हे, वाक्यं. 'मामा, डावीकडं सरका. पाण्याच्या टाकीमागं एक बसलाय.' मला वाटलं बेंगळूरचा कुणी असेल, हल्ली कुणालाही मामा म्हणतात. मग घसा खाकरल्याचा आवाज आला आणि माझ्या पुस्तकांवर बसलेला तो काळा डबा म्हणाला, 'हां, पुढं?'

आत्याचे यजमान म्हणून तो तुम्हाला मामाच म्हणतो, ते मला तेव्हा आठवलं. तेवढ्यात त्याच डब्यातून माझी सख्खी बहीण लांबून बोलली, 'अहो, संध्या झाली का? भात निवायलाय.' तुम्ही म्हणालात, 'जप राहिलाय,' आणि तीन गोळ्या सोडल्या. टाकीमागचा पडला असावा, कारण संकर्षण हसला. भावजी, हे हसणं मी उन्हाळ्यापासून ऐकलं नव्हतं. त्यासाठी मी नारळ फोडला, दुकानं पालथी घातली, आणि ते तुमच्याकडं रोज संध्याकाळी फुकट होतं.

मग पोरगा म्हणाला, 'अप्पा परत स्पीकरच्या दुकानात गेले असतील. रोज दारात उभं राहून वॅट विचारायलेत, वायर विचारायलेत. कॉलेजात काय झालं ते एक विचारंनात.' तुम्ही म्हणालात, 'हां, पुढं?' तो म्हणाला, 'पुढं काय. विचारले असते तर सांगितलो असतो.' तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, आणि तो सांगायला लागला.

मी ऐकलं नाही. ते तुम्हाला सांगत होता, मला नव्हे. एवढे स्वच्छ स्पीकर चालू असताना मी चपला हातात घेऊन जिना उतरलो, खाली रस्त्यावर उभा राहिलो, आणि बऱ्याच वेळानं वर येऊन स्वतःच्या दाराची बेल वाजवली. दार उघडून तो म्हणाला, 'हूं.'

दुसऱ्या दिवशी मी घरघरीची थाप मारली. त्याला पटेना. 'घरघर न्हाई अप्पा, मी रोज ऐकायलोय. वायर नीट बसवा. एवढं फिरून आणलात आणि आता कामून काढायलात?' चार वाक्यं, माझ्याशी, सलग. मी हरलो असतो तर बरं झालं असतं, पण कान उघडे ठेवून तो तुमच्याशी किती दिवस बोलला असता? कधीतरी मी पुन्हा लवकर घरी येणार, कधीतरी श्रीलक्ष्मी ऐकणार, आणि मग तो तुमच्यापुढंही 'हूं'वर येणार. म्हणून स्पीकर काढले, हेडफोनची मुकी वाटी दुरुस्त करून आणली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. झाकण मीच परत लावलं.

ता. क. २. तेव्हा अक्काला मी काही सांगणार नाही, तुम्ही निश्चिंत जप करावा. त्यानं काय सांगितलं ते मला कळवू नका, फोनवर मी गयावया केली तरी. खेळ बंद करू नका. मनगटाला पट्टा बांधा, तेलानं काही होणार नाही.

ता. क. ३. सगळ्यात खाली लिहितोय, कारण वर लिहायचं धाडस झालं नाही. तुमच्या टोळीत एखादी जागा रिकामी असेल तर त्याला विचारून बघा, बापाला घेतोस का. मला नेम धरता येत नाही, पण पुढं जाऊन पहिली गोळी खायला कुणीतरी लागत असेल; ते मला जमेल. नाही म्हणाला तर नाही. हो म्हणाला तर मात्र एक शिकवायचं राहिलंय. तुमचे ते दोन शब्द मी सकाळी दाढी करताना आरशापुढं म्हणून बघायलोय. माझ्या तोंडी ते अजून पोलिसानं विचारल्यासारखे येतात. आधी घसा खाकरायचा असतो का?