पंचवीस छिद्रांची जागा

आई, जुना कॉम्प्युटर बंद पडला. तू घेतलेला नाही, तो तुझ्यामागोमाग गेला. हा मी नंतर घेतला होता. तुझं कुलूप मात्र याच्याही मागे लावलेलं होतं. परवा भर दुपारी कुणाच्या तरी प्रबंधाचं तिसरं प्रकरण टाइप करत होते, पडदा काळा झाला आणि जळकट वास आला. बटण बंद केलं, मागे हात घालून कुलूप काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात ठेवलं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हात अजून तिकडेच जातो.

ते कुलूप आलं तो दिवस मला दिसतो. मी अकरावीत आहे. समोरच्या खोलीतली सहा टायपिंग मशिनं भिंतीला सरकवलेली आहेत, मधे नवं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर विकणारा माणूस तुला अंगठ्याएवढी एक डबी दाखवतो आहे. ती मागच्या बाजूला प्रिंटरच्या पोर्टात बसवायची, पंचवीस पिना पंचवीस छिद्रांत, आणि प्रिंटरची वायर तिच्यावर. डबी नसेल तर सॉफ्टवेअर उघडणार नाही, आणि त्यात टाइप केलेलं काहीही कुणाला वाचता येणार नाही. तू डबी उलटसुलट करून पाहतेस. "म्हंजे दार समोर अन् कुलूप मागं," तू म्हणतेस. तो माणूस हसतो. तू हसत नाहीस. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काम संपलं की तू ती काढायचीस आणि ओल धरू नये म्हणून तांदळात खुपसायचीस. एकदा ती भाताच्या पातेल्यात जाता जाता राहिली. तेव्हा मात्र तू हसलीस.

आता नवा कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा म्हणून मी सीताबर्डीला गेले. एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. तो कागद घेऊन बसला. "काम काय करता ताई, ते सांगा पहिले. त्याच्यावरून प्रोसेसर ठरवू. प्रोसेसरवरून बोर्ड, बोर्डावरून रॅम." मी पर्समधून कुलूप काढून काचेवर ठेवलं आणि म्हटलं, हे ज्यात बसेल तो बोर्ड द्या, बाकीचं त्याच्यावरून ठरवा. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ताई, हा पोर्ट आता कोण मागते? याच्यापेक्षा छकड्याचं चाक सांगा, आणून देतो."

"नाहीच मिळत?"

"सगळे समोरून येतात, तुम्ही मागून येऊन राहिले." त्यानं कुलूप बोटात फिरवलं. "काम चालू हाय का अजून याच्यात?"

"चालू आहे," मी म्हटलं.

हे खोटं होतं. ते पुढे सांगते.

बराच वेळ वर-खाली करून त्यानं एक खोका काढला. कुणीतरी जुन्या प्रिंटरसाठी बोर्ड मागवला होता आणि नेलाच नव्हता. तीन वर्षं तो माळ्यावर होता. मागच्या पट्टीवर ती जागा होती, गुलाबी, पंचवीस छिद्रांची. मग सगळं त्या जागेनं ठरवलं. त्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसत नाही, म्हणून जुना घेतला, तोही शेवटचाच नग. रॅम मागच्या पिढीची. तुझ्या सॉफ्टवेअरला विंडोजही जुनीच हवी, आणि ती विंडोज चार जीबीच्या वर पाहतच नाही. "आठ टाकली तरी तिले चारच दिसन," तो म्हणाला. "काहून वाया घालवता?" मी चारच घेतली. कॅबिनेट मात्र त्यानं मोठं घ्यायला लावलं, दोन पंख्यांचं, कारण आपली खोली मे महिन्यात कशी तापते ते त्याला न सांगता माहीत होतं. "कूलर कुठं लावता?" "खिडकीत." "अन् टेबल?" "खिडकीसमोर." "त्या हवेत ठेवू नका. पाण्याची हवा राहते ती. पिना गंजून जातात." मी हो म्हटलं. टेबल कुठे सरकवणार? खोलीला एक दार आणि एक खिडकी आहे. तुझ्या वेळी होती तितकीच.

निघताना तो म्हणाला, "राग नका मानू ताई. याच पैशात तुम्हाले आजचं मशीन देतो. पुढची दहा वर्षं पाहाचं काम नाही." मी त्याच्याकडे पाहिलं. दहा वर्षं याच खुर्चीवर, हे त्यानं किती सहज म्हटलं.

तुझ्या अक्षरांत आता कुणाचंही काम नाही, आई. विद्यापीठाला नव्या अक्षरांत, युनिकोडमध्ये लागतं, शाळांना नव्या अक्षरांत लागतं. आपल्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका, जिच्यावर आपले दोन महिने चालायचे, ती मोबाईलवर गेली. मुलगे-मुली आपापली माहिती आपणच भरतात. त्या कुलपाची गरज उरली होती ती एकाच फाइलसाठी.

तू मला शिकवलंस तेव्हा माझ्या हातांवर फडकं टाकलं होतंस. आपल्या टायपिंगच्या वर्गातल्या सगळ्याच मुलींच्या हातांवर टाकायचीस. फडक्याखाली बोटं, नजर कागदावर. मी मान जरा वाकवली की मागून आवाज यायचा, "काहून खाली पाहून राहिली वं? अक्षरं पळून चालली का?" मग पट्टी, फार जोरात नाही. मी नववीत असताना कळांकडे पाहणं थांबवलं. आणि दुसरी शिकवण कॉलेजात असताना मिळाली. एका गृहस्थाच्या प्रबंधात मी एक वाक्य नीट केलं. तू हस्तलिखितावर पट्टी सरकवत ओळ न् ओळ ताडून पाहत होतीस. पट्टी थांबली.

"हे वाक्य तुझं हाय."

"आई, त्याचं चुकलं होतं."

"त्याचं चुकलं तं त्याचं चुकू दे. तुले कोणं मास्तरीण केलं वं? आपण टायपिस्ट. दुसऱ्याचं खायचं नाही अन् दुसऱ्याच्या पानात वाढायचं नाही."

ते पान मी पुन्हा टाइप केलं, चुकीच्या वाक्यासकट.

मग एमएचं दुसरं वर्ष. डिसेंबर. परिचय पुस्तिकेची शेवटची तपासणी माझ्याकडे होती. शिक्षण, उंची, मामकुळ, अपेक्षा, मुलीमागून मुलगी. एकशे काहीतरी क्रमांकावर मी माझंच नाव वाचलं. तू मला काही विचारलं नव्हतंस. तू स्वयंपाकघरात होतीस, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी पुढे वाचलं: वर्ण निमगोरा, उंची पाच फूट एक, गृहकृत्यदक्ष. तिथे थांबले. गृहकृत्यदक्ष हा शब्द त्या पुस्तिकेत मी शेकडो वेळा टाइप केला होता. आपल्या नावापुढे तो वाचणं वेगळं होतं. मी ती सगळी नोंद उचलली. पुसायला हात धजला नाही, म्हणून एका वेगळ्या फाइलमध्ये टाकली. फाइलला नाव दिलं, नको. पुढचे क्रमांक एकेकानं वर घेतले आणि प्रत प्रेसला दिली. आयुष्यात दुसऱ्याचा मजकूर मी एकदाच खाल्ला, तो तुझा.

पुस्तिका छापून आली त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटते आहे. तू पाटावर बसून अंगठा ओला करत पानं उलटतेस. शेवटपर्यंत जातेस, परत मागे येतेस.

"एक नोंद गळली वाटते."

"कुणाची?"

"हाय एकीची."

"प्रेसमध्ये गळली असेल."

तू माझ्याकडे पाहतेस. "असंन," तू म्हणतेस. मग, "पोळी जळून राहिली वं."

तेवढंच. तू पुढच्या वर्षी नोंद टाकली नाहीस, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. मला वाटलं होतं एकदा तरी विचारशील. मी भांडण तयार ठेवलं होतं, वाक्यं जुळवून ठेवली होती. ती तशीच राहिली. पुढे कन्हानच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर एक वर्ष शिकवलं. मग तुझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली आणि समोर पुस्तिकेचा हंगाम. मी तिकडे सांगितलं, दोन महिन्यांनी येते. ते दोन महिने अजून चालू आहेत. तू गेलीस, मी खुर्ची सोडली नाही. दर डिसेंबरात पुस्तिकेसाठी ते फोल्डर उघडायचे तेव्हा नको ही फाइल दिसायची, आणि मी खाली सरकायचे. उघडायची म्हटली असती तर तेव्हाही उघडली असती, कुलूप लावलेलंच होतं. मला वाटायचं, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी तीन ओळींपुढे वाचलंच नव्हतं.

काल दुकानदारानं सगळं जुळवून आणून दिलं. जुनी डिस्क आत बसवली. जाताना म्हणाला, "कुलूप तुम्हीच लावा ताई, मले त्याची भीती वाटते." तो गेल्यावर मी डब्यातून ते काढलं, फुंकर मारली, मागे बसवलं. तांदळाचा एक दाणा पिनांत अडकला होता, तो सुईनं काढला. सॉफ्टवेअर उघडलं. फाइल उघडली. अकरा ओळी आहेत. जन्मवेळ, मामकुळ, पत्ता. गृहकृत्यदक्ष आहे, तिथेच आहे. शेवटी अपेक्षा. इतर मुलींच्या अपेक्षेत सुशिक्षित, निर्व्यसनी असं असायचं. तू लिहिलं आहेस: मुलीस कॉलेजात शिकवू द्यावे. टायपिंगचे काम सांगू नये.

मला शिकवायचं आहे हे मी तुला कधी बोलले नव्हते.

मी ते दोनदा वाचलं. फाइल बंद केली. मग तिसरं प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, कारण ते सेव्ह करायच्या आतच जुन्या मशीनबरोबर गेलं होतं आणि प्रबंधाचा माणूस सोमवारी येणार आहे. त्याची वाक्यं चुकलेली आहेत. मी ती तशीच टाइप केली. कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येते आहे.

हे पत्र तुझ्याच अक्षरांत टाइप केलं आहे. कुलूप काढून डब्यात ठेवलं की कुणालाच उघडणार नाही. एवढं एक सांगते. तुझी ती अपेक्षेची ओळ इथे पुन्हा टाइप करताना मधेच बोटं थांबली, पुढची कळ सापडेना. मी खाली पाहिलं.