छत्तीस इंची दार

सोमवार, ३ नोव्हेंबर

चौदा तारखेला बाबांना डिस्चार्ज. कमरेखाली बळ नाही आणि ते परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. व्हीलचेअर घेतली. बाबांची एकच अट. "चौघांनी उचलून आत न्यायचं नाही. माणसाला चौघं एकदाच उचलतात, बाहेर नेताना. मी चाकावर येईन." मी शब्द दिला.

संयोगिताताई म्हणाली, माझ्याकडं आणू या की सरळ. तिचा नागाळा पार्कात सहावा मजला, लिफ्ट आहे. नाही म्हटलं. बाबांचं घर फुलेवाडीतलं हे.

काम किरकोळ आहे. पुढच्या चार पायऱ्यांवर रॅम्प आणि बाथरूमचं दार अठ्ठावीस इंचांवरून छत्तीस. भिंत काँक्रीटची, पण अकरा दिवस आहेत. ऑफिसातून रजा घेतली.

निश्चय : आवाज चढवायचा नाही. कुणावरही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चौथीपर्यंत मला बाबांनीच घरी शिकवलं. ते मोजणी खात्यात होते, त्यामुळे माझे पाढे लोकांच्या बांधावर साखळी धरून पाठ झाले. आधी दोनदा मोज, मग तोंड उघड, हे त्यांचं वाक्य. म्हणून मला कुणी फसवू शकत नाही.

आज दार नऊ वेळा मोजलं. सात वेळा अठ्ठावीस आलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माणसं ठरली. कटिंगला हंबीरराव. मोठं मशीन, हिऱ्याचं ब्लेड. रॅम्पही तुम्हीच घाला म्हटलं, तर म्हणाले, "आमचं काम कापायचं. भरायचं न्हाय. ऑपरेशनवाला येगळा, ड्रेसिंगवाला येगळा." म्हणून भरायला आणि रॅम्पला गुंडू.

दोघांची कार्डं शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं, आडनाव एकच, गावही एकच, कागलजवळचं. मग तर दोघांनाच नक्की केलं. समन्वय चांगला राहील.

बाळाबाई भांडी घासता घासता थांबल्या. "एका आडनावाची दोन माणसं एका कामावर? त्यापरीस दोन नाग पाळा, ताई." बाळाबाईंना मॅनेजमेंट कळत नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. "एकाच आडनावाचे?" म्हणाले आणि फोन नर्सच्या हातात दिला. भरून आलं असावं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दोघं एकत्र जागा बघायला आले. सख्खे चुलतभाऊ निघाले. एकमेकांकडं बघितलं नाही, इतके कामात गर्क. गुंडू पाण्याच्या टाकीला म्हणाले, "काही लोक दुसऱ्याच्या हद्दीत घुसून कापत्यात." हंबीरराव जास्वंदीला म्हणाले, "काही लोक बांध सरकवून वर देवदर्शनाला जात्यात." मी सांगितलं, हद्दीची काळजी नको, मी खडूनं आखून देते.

बाळाबाई म्हणतात अकरा वर्षं केस चालू आहे, आणि गुंडूचा अर्धा कान कुठं गेला ते विचारा. विचारलं नाही. खाजगी गोष्ट आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

काम सुरू. ब्लेड भिंतीत शिरलं तेव्हा जनावर कापल्यासारखा आवाज आला. राखाडी चिखल छतापर्यंत. माझ्या तोंडातही गेला. तासाभरात डावीकडं चार इंच आत, वरपासून खालपर्यंत उभा काप.

हंबीरराव मिसळ खायला गेले. परत येईतो गुंडूंनी काप भरून, घोटून, वर हात फिरवून ठेवला होता. "भेग दिसली. भरली. माझं कामच हाय की ते." तसं ते बरोबरच आहे. करारात मीच तसं लिहिलंय.

हंबीररावांनी ब्रेकर लावून भरलेलं फोडलं. मग गुंडूंचं घमेलं फोडलं. मग घमेल्याशेजारचं आमचं वॉशबेसिन. ते जुनंच होतं.

मी आवाज चढवला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोघांचे दिवस वेगळे केले. आज फक्त गुंडू. रॅम्प घातला. उतार मी स्वतः तपासला, अगदी बाबांच्या मापाचा. गुंडू म्हणाले, "तीन दिस हात लावायचा न्हाय. सिमेंटाला बाळंतिणीसारखं जपावं लागतंय." दर दोन तासांनी पाणी मारलं. एकदा एकटी असताना त्यावर चढून उतरून बघितलं. डोळे मिटून, दोन्ही हात चाकांवर असल्यासारखे.

सगळं प्लॅनप्रमाणे.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी

मी भाजी आणायला गेले, पंचवीस मिनिटं. हंबीररावांनी रॅम्पच्या मधोमध हातभर रुंद उभा पट्टा कापून काढला, पार मातीपर्यंत. आणि खालच्या पायऱ्याही. काप मात्र सुरेख आहे, हे मान्य करायला हवं. कुठं अर्ध्या सुताचाही फरक नाही.

गुंडू आले, बघितलं आणि फावडं उचललं. "तुझ्या आज्ज्यानंबी असंच कापलंतं!" हंबीरराव म्हणाले, "आज्जा दोघांचा एकच हाय की रं, येड्या!" फावड्याचा दांडा हंबीररावांच्या पाठीवर तुटला. त्यांनी थापी मारली. रक्त जास्वंदीवर उडालं. बाळाबाई मध्ये पडल्या, त्यांना गुडघा लागला, मग त्यांनी दोघांना बादली मारली. एकूण मतभेद दहाएक मिनिटं चालले.

एक दात अंगणात मिळाला. वाटीत ठेवलाय. दोघंही आपला नाही म्हणतात.

संध्याकाळी मी तोडगा काढला. भिंतीचं काम निम्मं-निम्मं. दाराच्या माथ्यावर मध्यबिंदू काढून, ओळंबा सोडून खाली फरशीवर रेषा आखली. डावी बाजू हंबीररावांची, उजवी गुंडूंची. ज्यानं त्यानं आपल्या बाजूचे चार इंच काढायचे. दोघं ताबडतोब तयार झाले. इतका साधा उपाय कोर्टाला अकरा वर्षं सुचला नाही!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी रेषा पाऊण इंच डावीकडं होती.

कुणी सरकवली ते ठरेना. गुंडू म्हणाले रेषा जागच्या जागी हाय, दारच सरकलं. हंबीररावांनी त्यांचं डोकं धरून त्या रेषेवर आपटलं, नीट दिसावं म्हणून. गुंडूंनी ग्राइंडर फेकला. तो चालू होता. गीझर गेला, आरसा गेला, हंबीररावांच्या बुटाचं टोक गेलं. अंगठा वाचला.

दोघंही निघून गेले. दार अठ्ठावीस इंच आहे. शेजारी भगदाड आहे, पण ते दार नव्हे.

ताईचा फोन. झालं का सगळं? म्हटलं, फिनिशिंग राहिलंय.

मी शांत आहे. नखं कुरतडून रक्त आलं, ते वेगळ्या कारणानं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ७

बाबा अकराला. हंबीररावांचा घण इथंच राहिलाय. काम मीच करणार. बाबांच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला काय अशक्य आहे?

८.४०. पहिला घाव चुकला. दुसरा लागला. हे इतकं छान वाटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

९.३०. दोघं परत आले. हार मानली ती तू, मी नव्हे, हे एकमेकांना दाखवायला. हंबीरराव मला बघून हसले. "ताई, पोळ्या लाटायचं लाटणं न्हवं ते!" माझ्या हातातली उतार बघायची लोखंडी लेव्हल निसटली आणि त्यांच्या भुवईला लागली. अंतर सात फूट. गुंडू हसले. मग अर्धी वीट निसटली.

निश्चयाप्रमाणे आवाज चढवला नाही. ओरडत होते ते दोघंच.

१०.१५. पाण्याचा पाइप फुटला.

१०.५०. छत्तीस!

रात्री ८. आता लिहिते.

अॅम्ब्युलन्स पाच मिनिटं उशिरा आली. दार उघडलं तेव्हा मी फाटकात होते, हातात घण. केसांत सिमेंट. समोर पायऱ्यांचे आणि रॅम्पचे दोन तुकडे, मधून पाण्याचा ओढा. हंबीररावांच्या कपाळाला टॉवेल, गुंडू लंगडत.

बाबा सगळीकडं बघत राहिले. त्यांनी सवयीनं मापं घेतली असणार.

दोघं भाऊ पहिल्यांदाच एकमेकांशी नीट बोलले. "धर तिकडनं." "व्हय, धरतो." मग बाबांना म्हणाले, "पावणं, काळजी करू नका, फुलासारखं नेतो." ड्रायव्हर आणि वॉर्डबॉयही पुढं झाले.

बाबांनी माणसं मोजली. चार.

मी म्हटलं, बाबा, फक्त दोन मिनिटं थांबा, मी काहीतरी करते. ते माझ्या हाताकडं बघत होते. फोड आले होते. म्हणाले, "राहू दे, पोरी. घण ठेव खाली." मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी वळवा. नागाळा पार्क."

रविवार, १६ नोव्हेंबर

बाबा ताईकडं रुळले. लिफ्टमधून स्वतः चाक फिरवत गेले, ताईनं व्हिडिओ पाठवला. इकडं कधी यायचं, ते काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. बरं नसताना त्रास कशाला?

एकंदरीत काम मुदतीत झालं. आज दार परत मोजलं. वर छत्तीस, मध्ये छत्तीस, खाली छत्तीस.

त्यातून तीनदा जाऊन आले. दोन्ही कोपरं बाहेर काढून चाललं तरी भिंतीला लागत नाहीत.