नव्या घोट्यावर वावर

२४ नोव्हें.
पलंगावरून उजवा पाय खाली टेकवला आणि डोळ्यांपुढे अंधारी. कापूस वेचायला बाया आल्या, मी ओट्यावरूनच ओरडत बसले. मोटरसायकलवरून पडून घोटा मोडला तेव्हा हे हयात होते. हाड वाकडं जुळलं, आता मधली गादीच झिजून गेली.
दुपारी आप्पा आले. धाकटे दीर, बांधाला बांध लागून. "वहिनी, पाय असा शे तुमना. वावर मले ठोक्यानी दी टाका, बसीसन खा." वर्षाचे ठरीव पैसे देऊन तेच कसणार. वाईट मनाने नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. ह्यांच्यामागे मीच कसते ते. "आखाजीले सांगसू," म्हटलं. वावराचे करार अक्षय तृतीयेलाच होतात.

३ डिसें. सुरत
मनीषाकडे. लेक रजा टाकून दवाखान्यात आली. डॉ. म्हणाले, दोन रस्ते. घोट्याची हाडं स्क्रूने कायमची जोडायची: दुखणं जाईल, घोटा हलणार नाही. किंवा नवा सांधा: हलेल, पण झिजू शकतो, सैल पडू शकतो, पुन्हा उघडावा लागू शकतो. वर माझी शुगर.
मनीषा : "माय, जोडीच टाक ना. एकदाचं मिटी जाई."
सरी-वरंब्यात चालताना पाय वाकडातिकडा पडतो, घोटा वळलाच नाही तर? मी म्हटलं, नवा सांधा. डॉ. म्हणाले, चाला खुशाल, ओझं नको, उड्या नकोत. मनीषा रिक्षात तोंड फिरवून बसली.

१९ डिसें.
ऑपरेशन झालं परवा. पाय लाकडासारखा. सगळं ठीक म्हणतात. मळमळ. जास्त लिहवत नाही.

५ जाने.
टाके काढायला गेलो. पट्टी सोडली आणि सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली. जखमेचा खालचा काठ काळा. डॉ. वाकून बघत राहिले. कातडी मेली आहे, आतपर्यंत गेलं तर सांधा काढावा लागेल. मनीषाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

९ जाने.
पुन्हा आत नेलं. मेलेलं कापून धुतलं. आत पू नाही, सांध्यापर्यंत पोचलेलं नाही म्हणाले. पण तपासणीला पाठवलंय. इंजेक्शनं चालू. शुगर काही केल्या खाली येत नाही.
मनीषा जेवत नाही. आज बोललीच, "मी सांगेल होतं ना!" मग बाहेर जाऊन रडली. तिला काय सांगू? मलाही तेच वाटतंय.

१३ जाने.
रिपोर्ट चांगला. जंतू नाहीत. दोघी वेड्यासारख्या हसलो.

२० फेब्रु.
जखम भरली. कातडी पातळ, चकचकीत. बूट घालून उभी राहिले. पाय पुढे टाकला आणि दुखण्याची वाट बघत थांबले. ते आलंच नाही. ओढ आहे, सूज आहे, पण हाडावर हाड घासायचं ते नाही. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, बोटं वर ओढा. घोटा वाकला. थोडा, पण माझा माझा वाकला.

१६ मार्च
कळसाडी, घरी. काठी घेऊन बांधापर्यंत. मी नसताना आप्पांनी त्यांच्याबरोबर माझाही ऊस कारखान्याला नीट घातला. मला बघून पाणी देणं सोडून आले. "दुखस का वं वहिनी?" "नहीं." त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी घोटा कणकेच्या गोळ्यासारखा फुगला. कुणाला सांगितलं नाही.

१५ एप्रि. सुरत
घोट्याचा एक्स-रे फोटो. डॉ. एका जागी बोट ठेवून थांबले. धातूशेजारी केसासारखी काळी रेघ. काहीच नसेल, किंवा सैल पडायची सुरुवात असेल. आत्ता कळत नाही, पावसाळ्यानंतर पुन्हा फोटो. "दुखतं?" नाही. "मग चाला."
गाडीत मनीषा म्हणाली, "आते तरी काकाले देई टाक." मी खिडकीबाहेर बघत होते. तिचं खोटं नाही.

१९ एप्रि. आखाजी
मनीषा मुलांना घेऊन माहेरी आली. अंगणात झोका बांधला. पुरणपोळी, आंब्याचा रस. आप्पा जेवायला होते. हात धुऊन ओट्यावर बसले, वावराचं काढलं नाही. मीच काढलं. रेघेचंही सांगितलं, लपवलं नाही.
"यंदा मीच करसू, आप्पा."
आप्पांनी अडकित्ता काढून सुपारी कातरली. "आनि दिवाईले डॉक्टरनी काई येगळं सांगं तं?"
"तवय तुम्हलेच बलावसू."
त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. मनीषा दारातून बघत होती.
ऊन उतरल्यावर एकटीच वावरात गेले. नांगरट झाली आहे, ढेकळं मोठी. काठी टेकत पहिल्या तासात, नांगराच्या सरीत, पाय घातला. घोटा ढेकळावर वळला. मी श्वास धरून उभी राहिले, दुखलं नाही, मग दुसरा पाय उचलला.