यादीतून काढलेलं नाव

१ मे, गुरुवार
कॅम्प सुरू झाला एकदाचा. रविवारच्या फुटबॉल लीगशिवाय मुलींसाठी वेगळं काही करू या, म्हणून चार महिने राऊत सरांच्या मागे लागले होते. सर लीगचे सेक्रेटरी. त्यांचं एकच पालुपद, "मॅडम, मे महिन्यात आर्णीत कोण पोरी पाठवते ग्राउंडवर?" सकाळी सहाला मोजल्या. सव्वीस. बारा ते पंधरा वयाच्या. सहा जणींच्या पायात चपला.
दहाला पोस्टात काउंटरवर बसले तेव्हा पाय बोलत होते. कॉलेजात खेळायचे त्याला वीस वर्षं झाली.
शेवटची मॅच २५ला, यवतमाळच्या मुलींशी. सरांनी पाहुणेही ठरवून टाकले.

३ मे, शनि.
एक पोरगी आहे. रोशनी राठोड, तेरा वर्षांची, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून सायकलनं येते. ढगळ हाफ पँट, कमरेला नाडी. "भावाची हाये," म्हणाली. बॉल पायात आला की ही दुसऱ्याच जगात. तिघींना मागे टाकून गेली आणि गोल झाल्यावर हसलीसुद्धा नाही, बॉल घेऊन परत मधे येऊन उभी. सर बघत होते. "हेच कॅप्टन." मी कालच ठरवलं होतं, पण बोलले नाही.

४ मे, रवि.
रोशनी पडली.
अडखळली नाही, कुणाचा धक्का नाही. पूर्ण वेगात पळत होती आणि दोरीवरचं लुगडं सुटून पडावं तशी खाली. हात पुढे आले नाहीत. हनुवटी खरचटली. मी पोचेपर्यंत डोळे उघडे पण बघत नव्हती. मनात आकडे मोजत होते, बारापर्यंत आले. मग उठून बसली आणि म्हणाली, "बॉल कोणाकडे गेला?"
सगळे म्हणतात ऊन. साडेसहा वाजले होते. ऊन कुठं होतं. पोळी खाऊन आलेली, पाणी पिऊन आलेली. उन्हानं भोवळ आलेली पोरं पाहिली आहेत मी. आधी बसतात, डोकं धरतात. पडता पडता हात टेकतात.

६ मे, मंगळ.
गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, टॉनिक दिलं. राऊत सर खूश. "झालं नं समाधान? आता तिले खेळू द्या."
झालं. मलाही तेच ऐकायचं होतं, हे इथं लिहून ठेवते.

७ मे, बुध.
पोस्ट सुटल्यावर तांड्यावर गेले, स्कूटीनं. तिची आई सखूबाई घरी होती, आणि धाकटा, सात-आठ वर्षांचा, कृष्णा. भिंतीवर हार घातलेला फोटो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा.
"आकाश," आई म्हणाली. "दोन वर्सं झाले. अरुणावतीत गेला."
मी विचारलं, पोहता येत नव्हतं का.
"पोहण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं, मॅडम. अर्धी नदी पार केलती त्यानं. मधातच गेला. आवाज नाई, हात वर नाई."
मग चहा ठेवला. चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, नवऱ्याची बहीण लग्नात नाचता नाचता पडली होती. एकोणीस वर्षांची. बाहेरचं लागलं म्हणाले लोक. तेवढ्यात नवरा आला, प्रकाश राठोड, ऑटो चालवतो. आई चहा गाळायला लागली. मीही मॅचचं बोलून निघाले.
पाण्यानं गेला. बाहेरचं लागलं. ऊन लागलं. प्रत्येकाला वेगळं कारण आहे. स्कूटीवर सगळा रस्ता हेच.

१० मे, शनि.
तीन दिवस काही नाही. रोशनी मस्त पळते. मी शिट्टी तोंडात धरून तिच्याकडेच बघते, बाकीच्या पंचवीस काय करतात पत्ता नाही. एकीनं विचारलं, "मॅडम, आमालेही पाहा नं."

१३ मे, मंगळ.
दोनशे मीटरचे टाइम घेतले. रोशनी पहिली. "अजून एक डाव," म्हणाली. दुसऱ्यांदा अर्ध्यात थांबली, आपणच खाली बसली. ओठ पांढरे. मी जवळ गेले तर छातीवर हात ठेवून म्हणते, "पाखरू फडफडते इथं."
कधीपासून?
"लय दिवसाचं." बकरीमागं पळताना दोनदा पडली आहे, कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर खेळ बंद. "याडीले सांगू नका, मॅडम. तुमाले शपथ हाये." याडी म्हणजे आई.
मी बरं म्हटलं. का म्हटलं कळत नाही. दिवसभर काउंटरवर चुकीचे शिक्के मारत होते.

१४ मे, बुध.
शपथ मोडली. सखूबाईला फोन केला. ती फक्त म्हणाली, "किती वाजताची गाडी हाये?" नवऱ्याला सांगायचं नाही असं तिचं तिनंच ठरवलं.

१५ मे, गुरु.
रजा टाकली. एसटीनं यवतमाळ. रोशनी खिडकीशी, सगळा रस्ता माझ्याशी अबोला.
डॉक्टरीणबाई तरुण. छातीला वायर लावून ईसीजीची पट्टी काढली. पाच मिनिटांचं काम. मग ती पट्टी हातात घेऊन पट्टीवरच्या रेघा मोजत बसली, पेन्सिलनं, परत परत. मला वाटलं मशीन बिघडलं असेल.
"घरात कोणी अचानक गेलंय का? तरुण वयात?"
सखूबाई माझ्याकडे बघून नाही, खाली बघून बोलली. आकाश. नणंद. आणि तिसरं मला माहीत नव्हतं. सासऱ्याचा भाऊ, शंकरपटाच्या शर्यतीत बैलांमागं पळताना. तीन बोटं दुमडली तिनं.
डॉक्टरीणबाईनं लिहिणं थांबवलं.
नाव इंग्रजीत आहे, कागदावर लिहून दिलंय. साध्या भाषेत सांगितलं ते असं: हृदयाचा ठोका पडल्यावर ते पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेतं. पळताना, पोहताना तेवढ्या वेळात घोटाळा होऊ शकतो. पक्कं नागपूरचे मोठे डॉक्टर सांगतील, २८ची तारीख मिळाली. तोवर रोज गोळी, चुकवायची नाही. पळायचं नाही. पोहायचं नाही. दचकवायचं नाही.
"म्हणजे पंचवीसनंतर?" रोशनीनं विचारलं.
"आजपासून," बाई म्हणाल्या.
घरातल्या सगळ्यांची पट्टी काढा म्हणाल्या. धाकट्याची. वडिलांचीसुद्धा. आणि मला बाजूला घेऊन, ती कोसळली तर छाती कशी दाबायची ते दाखवलं. माझे हात आपल्या हातांनी धरून. घरी येऊन उशीवर करून बघितलं. यांनी विचारलं काय चाललंय. उशी परत जागेवर ठेवली.

१७ मे, शनि.
प्रकाश राठोड ग्राउंडवर आले. घरात गोळ्या दिसल्या असणार. मुलींसमोरच.
"माह्या पोरीले रोगी ठरवून आले तुमी. मले न इचारता."
मी सांगायला लागले. ऐकून घेत नव्हते. उद्या हिचं लग्न कोण जमवेल, तांड्यात तोंड कसं दाखवू, हे सगळं. मग मी म्हणाले, आकाशचंही तेच असेल कदाचित. म्हणायला नको होतं असं. इथं नाही.
ते एकदम हळू झाले. "आकाश पाण्यानं गेला."
मग, "हे खानदानातून येते म्हणता. म्हणजे मी देलं का त्याले?"
ते निघून गेले. ऑटो तिथंच राहिला, पायी गेले.

१८ मे, रवि.
मॅचच्या यादीतून रोशनीचं नाव काढलं. सर घरी आले.
"एका कागदावरून?"
हो म्हटलं.
"तिच्या बापानं लिहून देलं हाये, पोरगी खेळन, जबाबदारी माही. हे पाहा सही. आता काय अडचण?"
मी म्हटलं सही छातीवर ठेवून पोरगी उठते का.
सर रागावले नाहीत. थंडपणे म्हणाले, "कॅम्प तुमचा असन. मॅच लीगची हाये, मॅडम."

२० मे, मंगळ.
रोशनी येते, निंबाखाली बसते, गोल मोजते. माझ्याकडे बघत नाही. पोरींनी दुसरी कॅप्टन निवडायला नकार दिला. भाजीच्या दुकानात एक बाई दुसरीला सांगत होती, मॅडमनं राठोडच्या पोरीले घरी बसवलं, सोताची पोर असती तं. मी मेथी न घेताच परतले.
आणि माझंच चुकलं असेल तर? नागपूरचे म्हणाले काही नाही, तर? तेच म्हणावं त्यांनी अशी आशा करते आणि ते म्हणतील असं वाटत नाही.

२२ मे, गुरु.
आज रोशनी निंबाखाली नव्हती. पोरींना विचारलं तर एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एकीनं सांगितलं. संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर पळते. एकटी. कृष्णा मोबाइलवर टाइम लावतो.
सहा वाजता गेले. लांबूनच दिसली. उन्हं उतरली होती, रस्ता मोकळा, एका बाजूला कॅनॉल. पूर्ण वेगात येत होती. ओरडणार होते. तोंड उघडलं आणि डॉक्टरीणबाईचं वाक्य आठवलं, दचकवायचं नाही. स्कूटी बंद केली. हॉर्न नाही, हाक नाही. नुसती उभी. ती येत राहिली. एवढा लांब रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही. प्रत्येक पावलाला वाटत होतं आता. आता.
ती थांबली. आपणहून. चालत आली, घामानं निथळत.
"पाहा मॅडम. काही नाई झालं. तीन दिवस झाले पळून राह्यली, काहीच नाई होत."
गोळी घेतेस ना?
"बानं फेकून देल्या."
कृष्णा मागून पळत आला, मोबाइल दाखवत, दम लागलेला. दोघांनाही स्कूटीवर बसवलं आणि घरी सोडलं. वीसच्या वर वेग घेतला नाही.

२३ मे, शुक्र.
सखूबाईनं नव्या गोळ्या आणवल्या, पोलक्यात ठेवते. दुपारी फोनवर, "देली आज. तिच्या बाले माईत नाई."
यवतमाळच्या कोचला फोन केला. बाई आहेत, कधी भेट नाही. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती पोरगी मैदानात उतरली तर माझी टीम उतरणार नाही. असं तुमच्या सेक्रेटरींना कळवते." फोन ठेवल्यावर रडले. सरांच्या पाठीमागे केलं हे. केलं.

२४ मे, शनि.
प्रकाश राठोड पोस्टात. रांगेत उभे राहिले, चार जणांच्या मागे, नंबर आल्यावर काउंटरला टेकून बोलले. "उद्या पोरगी खेळणार. मी सोता आणतो."
मी म्हटलं, आधी तुमची पट्टी काढून या.
"मले काय झालं?"
काही झालं नसेल. मग भीती कायची.
मागचा माणूस म्हणाला, चला ना भाऊ. ते हलले नाहीत.
"किती वेळ लागते त्याले?"
पाच मिनिटं.
गेले.

२५ मे, रवि.
साडेपाचला ग्राउंडवर. पाहुण्यांच्या खुर्च्या, माइक, सगळं. राऊत सरांना यवतमाळचा निरोप रात्रीच मिळाला होता. मला बघून खुर्च्या मोजायला लागले.
प्रकाश राठोड ऑटो घेऊन आले. रोशनी जर्सी घालून, केसांना तेल लावून. मागे सखूबाई आणि कृष्णा. सर त्यांच्याकडे गेले, काहीतरी सांगितलं. मला वाटलं आता भांडण. ते झालं नाही. प्रकाश राठोड नुसते माझ्याकडे बघत होते, एवढ्या लांबून. राग असता तर बरं वाटलं असतं.
मॅच झाली. रोशनीला आईनं मनगट धरून बाजूला बसवलं होतं. पूर्ण मॅचभर मनगट सोडलं नाही, बोटं नाडीवर. तिला कोणी शिकवलं कोण जाणे. आम्ही तीन-शून्यनं हरलो. दुसऱ्या हाफमध्ये बघितलं तर ऑटो जागेवर नव्हता.
सर जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी कॅम्पचं आमी पाहू." बरं म्हटलं.
रोशनी शेवटी जवळ आली. "तुमी खोटं बोलल्या. शपथ घेतलती." एवढंच. जर्सी घडी करून दिली.

२६ मे, सोम.
सखूबाईचा फोन. नवरा काल मॅचमधून सरळ कुठंतरी गेला, दुपारी परत आला. शर्टाच्या खिशात घडी केलेली पट्टी. दाखवत नाही. काय म्हणाले डॉक्टर, सांगत नाही. जेवला नाही. आकाशच्या फोटोसमोर बसून आहे. ऑटो बाहेर काढला नाही.
मी विचारलं, पट्टी वाचता येते का तुम्हाला. मलाच वेडं वाटलं.
"नाई," ती म्हणाली. "पण त्याचं तोंड वाचता येते."

२७ मे, मंगळ.
उद्या नागपूर. सहाची गाडी. मी, रोशनी, सखूबाई, असं ठरलं होतं.
आत्ता, संध्याकाळी, अनोळखी नंबर. प्रकाश राठोड. आवाज ओळखूच आला नाही.
"मॅडम, मीही येतो."
या म्हटलं.
मागं नुसता कोंबड्यांचा आवाज. फोन कट झाला असं वाटलं.
"लहान्यालेही घेऊ का?"
घ्या म्हटलं. जरा वेळानं पुन्हा म्हटलं, आणि सकाळी उशीर झाला तरी चालेल, गाडी मी थांबवते. स्टँडवर त्याला पळवत आणू नका.